दहा दिवस चालणारा हात

जेवताना कळलं. आई ताक वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "भागी गेली म्हणे. बारा दिवस झाले." मी हातातला घास खाली ठेवला. तिनं मिठाची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि त्याच सुरात म्हणाली, "आता जानकीच्या वेळेला कोणाला बोलवायचं, हाच प्रश्न आहे." जानकी माझी बायको. तिला सातवा महिना चालू आहे. ती चुलीपाशी उभी होती, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली ती मी उठेपर्यंत वळली नाही. मी पानावरून उठलो. आईला वाटलं भाजी खारट झाली.

बारा दिवस! अमरावती काही एवढी मोठी नाही. बडनेऱ्याला आगगाडीतून उतरलेल्या साहेबाचं कुत्रं कोणाला चावलं, हे आमच्या आळीला दिवस मावळायच्या आत कळतं. कापसाचा भाव अकोल्याला सकाळी हलला तर दुपारी इथले अडते पगडी सावरत धावतात. आणि जिच्या हातांवर आमची अर्धी आळी पहिल्यांदा रडली, त्या बाईच्या मरणाला ओढा ओलांडून आमच्या परसापर्यंत यायला बारा दिवस लागले. आलं तेही कशासाठी, तर सुईण दुसरी शोधायची म्हणून. त्याला आता पाच आठवडे झाले. राग निवेल, मग लिहू, म्हणून थांबलो होतो. तो निवत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. यातला बराचसा राग माझ्यावरच आहे, हे वाचकांना पुढे कळेलच.

भागी ओढ्यापलीकडे, गावकुसाबाहेर राहायची. तिची सासू आमच्या आळीची सुईण होती, तिच्यामागून ही झाली. आमच्याकडची रीत अशी की बाई अडली की भागीला मागच्या दारानं आत घ्यायचं. सोयराचे दहा दिवस तिचा हात चालतो, कारण त्या दिवसांत बाळंतीण, बाळ, खोली, सगळंच विटाळाचं असतं. तिनं बाळाला न्हाऊ घालावं, टाळू भरावी, बाळंतिणीचं अंग चोळावं, घाण काढावी. अकराव्या दिवशी घर सारवून, शिंपडून शुद्ध झालं की तोच हात उंबऱ्याबाहेर. मग तिनं परसदाराबाहेर कडुनिंबाखालच्या काळ्या दगडावर बसायचं, सुपातलं धान्य आणि लुगडं वरून टाकलेलं झेलायचं आणि जायचं. काल जिनं बाळाच्या तोंडात बोट घालून नरडं साफ केलं, तिची सावली आज बाळाच्या दुपट्यावर पडली तर दुपटं धुवायचं. लहानपणापासून मी हे पाहत आलो आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सकाळ होते, संध्याकाळ होते, तसं ते होतं.

ती गरीब बिचारी मात्र मुळीच नव्हती. तंबाखूची गोळी गालात धरून ती सगळ्या आळीचा उद्धार करायची. एकदा एका घरानं तिला विरविरीत लुगडं टाकलं, तर तिनं ते तिथंच दगडावर घडी करून ठेवलं आणि म्हणाली की हे माशा हाकलायला ठेवा, पुढच्या खेपेला मलाही माशा मारत, रमतगमत यावं लागेल. दुसऱ्या दिवशी जाड लुगडं आलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख ती जपून वाढवायची, त्याला राखेनं घासायची आणि कोणी विचारलं तर सांगायची नाही. माझा जन्मही तिच्याच हातचा. मी पायाळू. मी पंतोजी झालो, सरकारी शाळेत शिकवायला लागलो, तरी दगडावर बसून मला चिडवायची, "तुमी पायाकडून आले बापू, तवापासून तुमचं समदं उलटंच." मी हसायचो आणि आत जायचो.

ती वर्षं कापसाची होती. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलुखात लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला विलायतेहून मागणी आली. ज्वारीची वावरं मोडून लोकांनी कपाशी पेरली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, ज्यांच्या घरी पाट नव्हता त्यांच्या घरी गालिचे आले. ज्वारी मात्र महाग झाली आणि ती महागाई आधी ओढ्यापलीकडे पोचली. बाळंतपणं नसतील तेव्हा भागी आणि तिची सून सखू वेचणीला जायच्या. त्या वेचलेल्या कापसातलाच मूठभर स्वच्छ कापूस आमच्या घरी येई. आई तो पिंजून, सोवळ्यानं त्याच्या वाती वळे आणि त्या देवापुढे जळत. हे मला आज सुचतं आहे. तेव्हा मी रोज त्याच वातींच्या उजेडात संध्या करायचो.

मार्गशीर्षात जानकीला पहिली मुलगी झाली, मथू. जानकीचं माहेर अकोल्याचं, पण तिची आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. पहिल्या दिवसापासून मथूचा श्वास ओसरीपर्यंत ऐकू यायचा. आत घेताना घरघर, आणि रडली तरी आवाज दबलेला, कोणी तोंडावर कापड धरल्यासारखा. भूक तर होती. आईच्या अंगाशी नेली की तुटून पडायची, दोन घोट ओढायची आणि सोडून द्यायची. मान मागे टाकायची, ओठ जांभळे व्हायचे. मग बोंडल्यानं दूध घालू गेलं तर ते नाकातून परत. आळीतल्या बायकांनी कारण एका दुपारीच शोधून काढलं... जानकीचं दूध. वाटीत पाणी घेऊन त्यात तिच्या दुधाचा थेंब सोडला, तो म्हणे तळाशी गेला. दूध जड, बाधतं. झालं, एकोणीस वर्षांच्या त्या पोरीला कडू काढे पाजायला सुरुवात झाली. एकजण तर तिच्यासमोरच म्हणाली की आईविना वाढलेल्या मुलीच्या अंगाला दूध कुठलं लागायला. जानकी तोंड मिटून काढे प्यायली. मी ओसरीवर बसून मुलांच्या पाट्या तपासत होतो. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम, असं मी स्वतःला सांगत होतो.

आठव्या दिवशी अकोल्याहून वैद्यबुवा आले. त्यांचं नाव साऱ्या वऱ्हाडात होतं, ते मी इथे घेत नाही. ते दमणीतून, आपल्या हलक्या बैलगाडीतून, उतरले, हातपाय धुतले आणि खोलीच्या दारापासून चार हात लांब पाटावर बसले. सोयरातल्या बाळाला ते शिवणार कसे! तिथूनच त्यांनी डोळे मिटून घरघर ऐकली, आईच्या दुधानं कफ झाला आहे असं निदान केलं, मधातून चाटवायला मात्रा दिली, शाल घेतली आणि बैल थंड आहेत तोवर निघतो म्हणाले. ज्याला घोटभर दूध उतरत नव्हतं त्या जिवाच्या घशात मध घालायचा. मी त्यांना दमणीपर्यंत पोचवायला गेलो आणि वाकून नमस्कार केला.

भागीला मात्र काहीतरी दिसलं होतं. सुईण बाळाला न्हाऊ घालते ती पाय लांब पसरून, आणि बाळ तिच्या नडग्यांवर. पोट चोळायचं तेव्हा उताणं, पाठ चोळायची तेव्हा पालथं. मथूला पालथी घातली की घरघर थांबायची आणि रंग परत यायचा. उताणी केली की पुन्हा सुरू. चार दिवस तिनं हे पाहिलं, मग माझ्या आईला बोलावून करून दाखवलं. जानकीनं मला नंतर सांगितलं, भागी म्हणाली होती, "मोठ्या बाई, हा कफ नाई. कफ का कूस पाहून बोलते? इच्या नरड्यात काई तरी हाये. उताणी केली का ते श्वासावर बसते." तिनं सांगितलं की पोरीला पालथी निजवा आणि ती राईची उशी काढा.

राईची उशी म्हणजे आमच्या घरातलं दैवत. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरून केलेली, मधे खळगा असलेली मऊ उशी. माझं डोकं तिच्यावर घडलं, माझ्या बहिणीचं घडलं. तिच्यावर बाळ उताणं ठेवलं की डोकं हलत नाही, हनुवटी छातीकडे जाते. ज्या पोरीचं नरडं आधीच अडलेलं, तिची मान आम्ही दहा दिवस मायेनं दुमडून ठेवत होतो. आई भागीवर भडकली. नवजात बाळ कोणी पालथं घालतं का, डोकं चपटं होईल, आणि मुलीची जात, उद्या लग्नाला कोण करून घेईल. भागी म्हणाली, "लग्नाले जिती तं राहू द्या. त्या राईची फोडणी द्या वरनाले." आईनं उशी काढली नाही.

नवव्या दिवशी सकाळी मथूनं अंग टाकलं. सोयरात देवांना शिवता येत नव्हतं, म्हणून आई देवघरात लांबूनच जप करत होती. भागीनं मथूला पालथी हातावर घेतली, डोकं खाली केलं आणि जानकीला म्हणाली की तिकडे पाहू नको. ते जपलेलं नख असलेलं बोट तिनं पोरीच्या तोंडात घातलं. जिभेच्या बुडाशी बोराएवढा मऊ फोड लागला. नखानं तो फोडला. चिकट, धाग्यासारखं पाणी दुपट्यावर आलं, ते तिनं बोटानं ओढून ओढून काढलं... आणि मथू रडली. मी ओसरीवर होतो. मला वाटलं, घरात दुसऱ्याच कोणाचं तरी बाळ आणलं आहे, इतका तो आवाज मोकळा होता. त्या दिवशी ती पोट भरून प्यायली आणि पिता पिता झोपली. आई देवघरातून आली, तिनं ते पाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, मात्रा लागू पडली. जानकीनं सांगायचा प्रयत्न केला. बाळंतिणीला काय कळतं, म्हणून तिला गप्प केलं. भागीनं वाद घातला नाही. दहाव्या दिवशी जाताना मात्र ती दारात थांबून म्हणाली, "हा पुन्हा भरंन. भरला का मले बोलवा. दिवस मोजू नका."

आम्ही दिवसच मोजले. घर शुद्ध झालं, बारसं झालं, पाळण्यात राईची उशी मांडली. तीन आठवडे मथू बरी होती, मग ती घरघर परत आली. आधी झोपेत, मग जागेपणीही. पुन्हा दोन घोट आणि मान मागे. भागीला कुठून कळलं कोण जाणे, पण ती रोज दुपारी येऊन कडुनिंबाखालच्या दगडावर बसू लागली. भिंतीवरून ऐकायची आणि तिथूनच आईला सांगायची, पालथी घाला, मले आत येऊ द्या. आईनं तिला सांगितलं की आता मूल सोयरात नाही, नामकरण झालं आहे, देवाच्या पाया पडलं आहे. माझी आई दुष्ट नाही, एवढं मला लिहायलाच हवं. माझ्याआधीची तिची दोन मुलं गेली. तिला वाटायचं, आपल्या हातून कुठेतरी आचार चुकला म्हणून गेली. तिला देवाची भीती होती आणि ती भीतीच ती आम्हाला माया म्हणून वाढत होती. अकोल्याहून आणखी मात्रा आली. जानकी एकटी असली की मथूला पालथी घालायची, आई आली की उताणी करून उशीवर ठेवायची. आणि मी? मी शाळेत मुलांना पृथ्वी गोल असल्याची प्रमाणं शिकवत होतो. घरी येऊन विचारायचो, आज कसं आहे... जणू शेजारच्या घरची चौकशी.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मथूनं आदल्या दिवसापासून दूध घेतलं नव्हतं. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. जानकी ओसरीवर आली. बाळंतिणीनं अशी उंबरा ओलांडून यायची रीत नाही. आईसमोर, पदर न सावरता, तिनं मथूला माझ्या हातांत ठेवलं आणि म्हणाली, "मला जाता येत नाही. तुम्हाला पाय आहेत."

मी मागच्या दारानं निघालो. मथूला भागीसारखी हातावर पालथी घेतली होती. आई मागून काय म्हणत होती ते ऐकलं नाही. ओढ्याच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, एकीमागे एक, वाट मिळेना. गाडीवाले टकमक पाहत होते, उघड्या डोक्याचा पंतोजी, हातात पोर. एकानं जू उचलून बैल बाजूला घेतले, त्याचं नावही मला माहीत नाही. भागी अंगणात कापसातली पत्ती निवडत होती. मला पाहून ती उठली, राखेनं हात घासला, पाणी ओतलं आणि पोर घेतली. जन्मात पहिल्यांदा ती मला एकेरीत बोलली, "आज सरळ आलास."

या वेळी फोड मोठा होता, थोडं रक्तही आलं. मी डोळे मिटले. मग तो मोकळा आवाज आला आणि मी तिच्या अंगणातल्या मातीत बसकण मारली. सखूनं लोट्यातून पाणी दिलं, ते मी तोंड लावून प्यायलो. मथू सखूच्या मांडीवर पालथी पडून मुठी चघळत होती. मी भागीला विचारलं, हे तुला कसं माहीत. ती पुन्हा पत्ती निवडायला बसली. मग तिनं सांगितलं की तिचा पहिला मुलगा असाच घरघरायचा. तेव्हा ती जानकीपेक्षाही लहान होती. सासूनं सांगितलं आईचं दूध बाधलं, कोणी सांगितलं बाहेरचं आहे, तापलेल्या सळईनं त्याच्या पोटावर डाग दिले. बाविसाव्या दिवशी तो गेला. "पुराले नेण्याच्या आंधी मी त्याच्या तोंडात बोट घातलं, बापू. तवा लागला मले तो फोड. जिता असताना घालाची हिंमत नाई झाली. समदे म्हनत होते दूध, मंग मलेई वाटलं दूधच असंन." त्या दिवसापासून तिनं ते नख वाढवलं. इतक्या वर्षांत असं दुसरं लेकरू तिला दिसलं ते मथूच.

मी घरी आलो तेव्हा आळी दारात उभी होती. पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवायला मला लाज वाटते. पंच बसले. पोरीला तिथं नेली, शिवाय तिथलं पाणी प्यायलो, अशी दोन पातकं. आमच्या विहिरीवर आईला कोणी दोर देईना. धाकट्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक थांबली. शाळेत माझ्या वर्गात चारच मुलं उरली. आई जेवेना. तीन आठवडे मी तोऱ्यात होतो, चौथ्या आठवड्यात मऊ पडलो. पंचगव्य घेतलं, तान्ह्या मथूच्या ओठांनाही लावलं, आणि त्यांनी लिहून आणलेल्या कागदावर सही केली. त्यात लिहिलं होतं की हे कृत्य माझ्या हातून अज्ञानानं घडलं. अज्ञानानं! माझ्या सबंध आयुष्यात जाणून, समजून, डोळे उघडे ठेवून केलेलं ते एकच काम होतं. बाकी सगळं अज्ञानानं केलं होतं, त्याबद्दल मला कधी कोणी कागद लिहून मागितला नाही.

चार दिवसांनी भागी शेजारच्या बाळंतपणाला आली होती. मी मुद्दाम परसात गेलो. काय बोलणार होतो ते आता आठवत नाही, बहुधा काही सबबी तयार केल्या असतील. ती दगडावर बसून तंबाखू मळत होती. मान वर न करता म्हणाली, "सही केली म्हनते तुमी." मी हो म्हणालो. "बरं केलं. पोरगी पिते ना?" मी म्हणालो, पिते. ती पुन्हा 'तुमी'वर गेली होती. नंतर कधीच ती मला एकेरीत बोलली नाही आणि पायाळूपणावरून चिडवलंही नाही. तो फोड तिसऱ्यांदा भरला नाही. बहिणीचं लग्न थाटात झालं, पंचांतले दोघे पंगतीत तूप वाढत होते.

अकोल्याचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी जानकीच्या चुलतभावाच्या लग्नाला आम्ही अकोल्याला गेलो होतो. मांडवात तेच वैद्यबुवा लोडाला टेकून बसले होते आणि भोवती कापसाचे व्यापारी. माझ्याकडे बोट दाखवून ते सांगत होते की या पंतोजींच्या मुलीचा घसा पार मिटला होता, श्वास उरला नव्हता, एका मात्रेत मोकळा केला. लोक वाहवा करत होते. मथू, तीन वर्षांची, माझ्या धोतराला धरून उभी होती, आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात जिलबी मागत होती. वैद्यबुवा म्हणाले, ऐका, ऐका, हा आवाज. मला बोलता आलं असतं. तो आवाज कोणाच्या नखानं मोकळा झाला, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी काय केलं, तर हसून मान डोलावली. जानकी बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे पाहत होती. परतीच्या वाटेवर ती मथूला घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली.

आणि आता भागी गेली. कळल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओढ्यापलीकडे गेलो. सखू अंगणात तशीच पत्ती निवडत होती. मी आत येऊ का म्हणून विचारलं, तर तिनं पत्ती निवडता निवडताच सांगायला सुरुवात केली. वेचणीच्या दिवसांत भागीला हिवताप आला होता. त्यातही ती दोन बाळंतपणं करून आली, एक आमच्याच आळीतलं. मग खाटेला खिळली. पेज करायला घरात ज्वारी पुरेशी नव्हती, हे सखूनं तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. जिच्या गावात बैलांच्या शिंगांना चांदी आहे, तिला पेजेपुरते दाणे नव्हते, आणि त्या दाण्यांसाठी ज्या घरांच्या परसात ती जन्मभर सूप झेलत बसली, त्यांपैकी एकाही घराला ती दिसत का नाही असा प्रश्न पडला नाही. त्यात माझंही घर आलं. मी सखूला विचारलं, जाण्याआधी माझ्याबद्दल काही म्हणाली का. सखू सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोरगीचं विचारे. पालथी निजते का अजून, म्हने. तुमचं नाई काई."

तेव्हापासून ते 'तुमचं नाई काई' माझ्याबरोबर चालतं आहे. ते ऐकूनच मी घरी आलो आणि हे लिहायचं ठरवलं. मी त्या कागदावर केलेली सही इथे, सगळ्यांच्या देखत, मागे घेतो. मी भागीकडे गेलो तो समजून गेलो. पाणी प्यायलो ते तहान लागली म्हणून प्यायलो. माझी मुलगी तिच्या बोटानं जगली, मात्रेनं नाही, आणि जानकीच्या दुधात कधीच काही वाईट नव्हतं. पंचांनी पुन्हा बसायचं असेल तर बसावं. जानकीच्या बाळंतपणाला सखू येणार आहे, नख तिनंही वाढवलं आहे, आणि दहा दिवसांनंतर तिला दगडावर बसवायचं नाही हे मी आईला सांगितलं आहे.

आज दुपारी शाळेतून आलो तेव्हा आई अंगणात मोहरी वाळवत बसली होती. जुनी उशी उसवून, धुऊन, नवी खोळ शिवून ठेवली होती, येणाऱ्या बाळासाठी. शेजारी घोंगडीवर मथू झोपली होती. ती अजून तशीच झोपते... पालथी, एक गाल जमिनीला, तोंड किंचित उघडं, श्वासाचा आवाजही येत नाही. कितीदा उताणी केली तरी कूस वळून पुन्हा तशीच होते. आईनं मोहरीचा हात झटकला आणि नेहमीसारखी तिला उताणी करायला वाकली. मी म्हणालो, "आई, राहू दे तिला तशीच."

आईचा हात मथूच्या पाठीवर तसाच राहिला. पोरीच्या श्वासाबरोबर तो वर जात होता, खाली येत होता. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "त्या दिवशी मी देवघरात नव्हते रे. बाळंतिणीच्या खोलीच्या दारातच उभी होते. भागीचं बोट पाहिलं होतं मी." मग तिनं ती नवी खोळ उचलली, घडी केली आणि मोहरी बरणीत परत ओतायला लागली.